एक दिवस हुकला तर?

सेंट्रिंग ठोकल्याशिवाय सळया बांधता येत नाहीत आणि सळयांशिवाय स्लॅब पडत नाही. इथे एक दिवस गेला, की अख्खी इमारत एका दिवसानं मागे पडते. कंपाउंडचं फाटक मात्र आठवडाभर उशिरा आलं तरी चालतं. कामाच्या नियोजनासाठी पूर्वी वापरल्या जाणाऱ्या पट्ट्यांच्या तक्त्यात कामांच्या तारखा दिसत, पण कोणतं काम कशावर अडलंय हे नीट कळत नसे. १९५७ साली अमेरिकेत ड्यूपाँटचे मॉर्गन वॉकर आणि रेमिंग्टन रँडचे जेम्स केली यांनी कामांची साखळी मांडून युनिव्हॅक संगणकावर सर्वांत लांब, म्हणजे सर्वांत जास्त वेळ घेणारी वाट शोधली. हीच ‘क्रिटिकल पाथ’ पद्धत. माझ्या मते, मुकादमाच्या अनुभवाला मिळालेली ही फार मोलाची जोड. कुठे जादा माणसं लावायची, हे आता गणितानं ठरू लागलं.