हार्ड डिस्कला हात न लावता लिनक्स

(अभ्यासिकेतील रविवारच्या बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर)



संगणकावर बोलण्यासाठी आम्हांस उभे केले म्हणजे कोणी इंजिनिअर बोलणार, असे आपणास वाटले असेल. तसे काही नाही. आम्ही तिघे आहोत : एक निवृत्त लिपिक, एक प्राथमिक शिक्षिका आणि एक अजून बी.कॉम.ला असलेला मुलगा. अभ्यासिकेतील चार संगणकांची देखभाल आमच्याकडे आली, ती दुसरे कोणी घेत नव्हते म्हणून. तेव्हा जे सांगू ते चुकतमाकत शिकलेले आहे. त्यातली एक चूक फार मोठी आहे. तीही आज सांगावयाची आहे. किंबहुना तिच्यासाठीच हे भाषण आम्ही मागून घेतले.

हे चार संगणक एका कार्यालयाने नवे घेतले तेव्हा आपल्याला देणगी म्हणून दिले. २०१३ सालच्या सुमाराचे. प्रत्येकात चार जीबी रॅम आणि पाचशे जीबीची हार्ड डिस्क, आणि चारहींवर विंडोज १०. या विंडोज १० च्या नियमित सुरक्षा-दुरुस्त्या मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबवल्या. नोंदणी केल्यास १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतची वाढीव सोय होती, पण ते आजचे मरण उद्यावर ढकलणे झाले. विंडोज ११ घालावे तर त्याला टीपीएम २.० नावाची सुरक्षेची सोय लागते आणि इंटेलचा प्रोसेसर साधारणपणे आठव्या पिढीचा तरी लागतो. आमचे तिसऱ्या पिढीचे. समितीच्या बैठकीत विषय निघाला, भंगारवाला येऊन वजनावर भावही सांगून गेला. याच संगणकांवर आपली मुले पोलीस भरतीचे आणि एमपीएससीचे अर्ज भरतात. ते गेले तर प्रत्येक अर्जाला बाहेरच्या केंद्रावर पैसे मोजायचे.

तेव्हा आमच्यातल्या मुलाने लिनक्सचे नाव काढले. बाकीचे दोघे घाबरलो. विंडोज काढून भलतेच काही बसवले आणि जमले नाही, तर आहे तेही जाणार. ही भीती खोटी नव्हती. पण मुलाने सांगितले की काढायचे काहीच नाही, फक्त डिस्क घालायची.

पापाची तिकटीला चप्पल घ्यायला गेलो तर आपण काय करतो? पायात घालतो, दुकानातच चार पावले चालतो, अंगठा दुखतो का ते बघतो. नाही आवडली तर काढून ठेवतो आणि आपली जुनी घालून घरी येतो. लाईव्ह डिस्क ही अशी आहे. एरवी संगणक सुरू होताना हार्ड डिस्कवरची ऑपरेटिंग सिस्टीम उचलतो. लाईव्ह डिस्क घातली की तो हार्ड डिस्कऐवजी त्या डिस्कवरून सुरू होतो. अख्खी व्यवस्था, म्हणजे पडदा, खिडक्या, इंटरनेट, लिहिण्याचे सॉफ्टवेअर, सारे त्या डिस्कवर दाबून भरलेले असते. लागेल तेवढे उलगडून रॅममध्ये घेतले जाते. हार्ड डिस्कवर आपण होऊन काही लिहिले जात नाही. डिस्क काढून संगणक पुन्हा सुरू केला की विंडोज जिथल्या तिथे.

लिनक्सचा गाभा फिनलंडच्या लिनस टोरव्हाल्ड्स या विद्यार्थ्याने १९९१ साली लिहावयास घेतला. त्याच्याभोवतीची पुष्कळशी सामग्री अमेरिकेतील रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ साली जाहीर केलेल्या ग्नू प्रकल्पातली. ही वापरायला, वाटायला, बदलायला मोकळी. म्हणून डिस्कच्या प्रती काढून वाटणे ही चोरी नव्हे. हे मुद्दाम सांगतो, कारण आपल्याकडे 'कॉपी मारलेली सीडी' म्हटले की लोक इकडेतिकडे बघतात. लाईव्ह डिस्क लोकप्रिय केली ती जर्मनीच्या क्लाऊस नॉपर यांनी २००० सालच्या सुमारास. त्यांच्या डिस्कचे नाव नॉपिक्स. सातशे एमबीच्या सीडीवर सुमारे दोन जीबीचा ऐवज दाबून बसवलेला. त्यांच्या पत्नी आद्रियाने यांची दृष्टी अधू आहे. पडद्यावरचे वाचून दाखवणारी एक व्यवस्था नॉपर यांनी पुढे त्याच डिस्कमध्ये घातली आणि तिला पत्नीचेच नाव दिले. आम्हांला हे फार आवडले.

असो. आमचा पहिला दिवस फुकट गेला. मुलाने लिनक्स मिंटची एक्सएफसीई ही हलकी आवृत्ती डाऊनलोड केली. ही एकच मोठी फाईल असते, तिच्या नावाच्या शेवटी आयएसओ असे असते. सुमारे तीन जीबीची, म्हणजे ४.७ जीबीच्या डीव्हीडीवर मावणारी. आम्ही गाणी कॉपी करतो तशी ती डीव्हीडीवर कॉपी केली, डीव्हीडी घातली, संगणक सुरू केला. विंडोजच आले. तीनदा केले, तीनदा विंडोज. चूक अशी की ती फाईल म्हणजे डिस्कचा साचा असतो. साचा तसाच डिस्कवर ठेवून उपयोग नाही, त्यावरून डिस्क पाडावी लागते. डिस्क लिहिण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये 'बर्न इमेज' असा वेगळा पर्याय असतो, तो घ्यायचा. पेन ड्राईव्ह वापरणार असाल तर रूफस किंवा एचर ही फुकट मिळणारी सॉफ्टवेअर हेच काम करतात. मात्र पेन ड्राईव्हवर आधी जे असेल ते सगळे पुसले जाते, तेव्हा लग्नाचे फोटो असलेला पेन ड्राईव्ह घेऊ नका. आता नव्या लॅपटॉपला डीव्हीडीचा कप्पाच नसतो, त्यामुळे बहुतेकांना आठ जीबीचा पेन ड्राईव्हच बरा. तो डीव्हीडीपेक्षा पुष्कळ वेगवानही आहे. सवयीने आम्ही दोघांनाही डिस्कच म्हणतो.

दुसरी अडचण संगणकाला पटवण्याची. सुरू करताच, विंडोजचे चिन्ह दिसण्याआधी, एक बटण भराभर दाबायचे. कुठे एफ १२, कुठे एफ ९, कुठे एस्केप, कंपनीप्रमाणे बदलते. यादी दिसते, तिच्यात आपली डीव्हीडी किंवा पेन ड्राईव्ह निवडायचा. ज्यांच्या लॅपटॉपवर बिटलॉकरचे कुलूप आहे त्यांनी त्याची रिकव्हरी की आधी वहीत लिहून ठेवावी. बूटच्या सेटिंगला हात लावला तर विंडोज ती मागू शकते, आणि तेव्हा शोधाशोध करणे वाईट.

डीव्हीडी घरघरत राहिली, बराच वेळ काळा पडदा, आणि मग हिरवट रंगाचे पान उघडले. शिक्षिकाबाईंनी नकळत टाळी वाजवली. मग आम्ही वहीत लिहून एकेक गोष्ट तपासली. इंटरनेट लागले. आवाज आला. अर्ज भरण्याचे संकेतस्थळ फायरफॉक्समध्ये उघडले. कीबोर्डच्या यादीतून मराठीचा इनस्क्रिप्ट जोडला, म्हणजे स्वर डाव्या हाताला आणि व्यंजने उजव्या हाताला असलेली मांडणी. सरकारी संगणकांवरही हीच असते. लिब्रेऑफिसमध्ये नीट मराठी उमटले. जुना लेझर प्रिंटर मात्र अजिबात ऐकेना. संस्थेची श्रीलिपीत टाईप केलेली जुनी पत्रे उघडली तर सगळी इंग्रजी चिन्हांची खिचडी. तो दोष लिनक्सचा नाही. जुन्या फॉन्टमध्ये अक्षरांना ठरावीक आकडे नव्हते, युनिकोडमध्ये आहेत. पण खिचडी ती खिचडीच. बदलून घ्यायची सॉफ्टवेअर आहेत, तरी जोडाक्षरे हाताने तपासावी लागतात.

एक लहान अपघात त्याच आठवड्यात झाला. एका विद्यार्थ्याने लाईव्ह डिस्कवर बसून दोन पानांचा बायोडाटा टाईप केला, डेस्कटॉपवर ठेवला आणि संगणक बंद करून घरी गेला. दुसऱ्या दिवशी बायोडाटा नाही. तो रॅममध्ये होता, वीज गेली की रॅम कोरी. लाईव्ह डिस्कवर केलेले काम दुसऱ्या पेन ड्राईव्हवर किंवा स्वतःच्या ई-मेलवर ठेवायचे, ही सूचना त्या दिवसापासून भिंतीवर लावली आहे.

आता मोठी चूक. पहिल्या संगणकावर दोन आठवडे डिस्क चालवून पाहिल्यावर समितीने लिनक्स कायमचे बसवण्यास परवानगी दिली. तो संगणक नीट झाला आणि आम्ही शेफारलो. दुसऱ्या संगणकाला डिस्क घातली आणि पाहणी वगैरे न करता पडद्यावरच्या इन्स्टॉलच्या चिन्हावर गेलो. तिथे 'इरेज डिस्क' असा पर्याय असतो, म्हणजे अख्खी हार्ड डिस्क पुसून बसवा. त्याने पुन्हा एकदा विचारलेही होते, लिहू का म्हणून. आम्ही 'कंटिन्यू' दाबले. संध्याकाळची वेळ, घरी जायची घाई.

त्या हार्ड डिस्कवर आपल्या वस्तीतील बावीस जणांच्या महापुराच्या आठवणी होत्या. २०१९ च्या ऑगस्टमध्ये राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा ५५ फुटांच्या वर गेली होती. धोक्याची पातळी ४३ फूट. पुन्हा २०२१ च्या जुलैत पाणी आले. त्या दोन्ही वेळी कोणी काय उचलले, कोणाला कुठे आसरा मिळाला, कोणाची गुरे राहिली, हे आपल्याच एका मुलीने म्हाताऱ्या माणसांजवळ बसून ऐकले आणि सहा महिने रोज संध्याकाळी येऊन टाईप केले. दुसरी प्रत नव्हती. आम्ही तिला विचारले नव्हते की या संगणकावर तुझे काही आहे का. सांगणाऱ्यांपैकी एक आजी त्यानंतर वारल्या होत्या.

ती काही बोलली नाही. नुसती खुर्चीवर बसून राहिली. ते आम्हांला रागावण्यापेक्षा जड गेले.

पुसलेले सगळेच लगेच नष्ट होत नाही, हे त्या रात्री मुलाने वाचून काढले. हार्ड डिस्कची अनुक्रमणिका गेलेली असते. मजकूर, त्यावर दुसरे काही लिहिले जाईपर्यंत, तिथेच पडून असतो. म्हणून पहिला नियम, तो संगणक त्याच्या हार्ड डिस्कवरून पुन्हा सुरू करायचा नाही. आम्ही त्याच लाईव्ह डिस्कवरून सुरू केला, फोटोरेक नावाचे फुकट सॉफ्टवेअर चढवले, आणि सापडेल ते बाहेरच्या वेगळ्या हार्ड डिस्कवर टाकायला सांगितले. त्याच डिस्कवर टाकले तर उरलेले आपणच झाकून टाकू. काम रात्रभर चालले. सकाळी हजारो फाईली, एकीलाही मूळ नाव नाही, नुसते आकडे. आम्ही तिघे आणि ती मुलगी मिळून चार रविवार एकेक उघडत बसलो. बावीसपैकी नऊ आठवणी मिळाल्या. तेरा गेल्या. वारलेल्या आजींची मिळालेल्यांत नाही.

आम्ही तिची क्षमा मागितली आहे. आज सर्वांसमोर पुन्हा मागतो. बाकीच्या बारा जणांकडे ती परत जाते आहे, आमच्यापैकी कोणीतरी सोबत असतो. दुसऱ्यांदा सांगताना माणसे तेच सांगत नाहीत, असे ती म्हणते.

तिसऱ्या संगणकाचे विंडोज मध्येच अर्धवट सुरू होऊन थांबू लागले होते. त्याला डिस्क घातली, आतल्या फाईली दिसल्या, त्या आधी दोन ठिकाणी उतरवून घेतल्या, मुलांना नावानिशी विचारले, आणि मगच लिनक्स बसवले. चौथ्यावर विंडोज १० तसेच ठेवले आहे, इंटरनेट काढून. श्रीलिपी आणि जुना प्रिंटर त्याच्यावर चालतात, आणि विंडोजचेच सॉफ्टवेअर मागणाऱ्या टायपिंगच्या सरावाला तो लागतो. लिनक्सने सगळे भागते असे कोणी सांगितले तर विश्वास ठेवू नका. टॅलीवाल्यांनी तर आधी विचार करावा.

हे गरिबाचे दुय्यम काम आहे का, असे समितीत एकाने विचारले होते. जगातील पहिले पाचशे महासंगणक २०१७ पासून लिनक्सवर चालतात आणि तुमच्या खिशातल्या अँड्रॉइड फोनचा गाभा लिनक्सच आहे. केरळने आपल्या सरकारी शाळांतून संगणक शिकवण्यासाठी हाच मार्ग घेतला. आपल्याकडे सी-डॅकने भारतीय भाषांसाठी 'बॉस' नावाची आवृत्ती काढली, तीत मराठी आहे. आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पाचे लिनक्स आणि लिब्रेऑफिसवरचे पाठ मराठी आवाजात फुकट मिळतात. शिक्षिकाबाई त्यावरच शिकल्या. रायगड जिल्ह्यातील एका वाडीवरच्या एकशिक्षकी शाळेत २००७ साली मुलांच्या हाती जे छोटे लॅपटॉप आले, त्यांत लिनक्सच होते.

अभ्यासिकेच्या कपाटात पत्र्याच्या डबीत पाच डीव्हीडी आणि तीन पेन ड्राईव्ह ठेवले आहेत. रजिस्टरमध्ये नाव लिहून घरी न्यावेत, आठ दिवसांत परत आणावेत. प्रत्येकाला दोऱ्याने एक चिठ्ठी बांधली आहे. तीवर लिहिले आहे : फक्त बघा, इन्स्टॉलच्या चिन्हाला हात लावू नका, बसवावेसे वाटले तर आधी घरातल्या प्रत्येकाला विचारा आणि आम्हांला बोलवा. चिठ्ठीवरचे अक्षर त्या मुलीचे आहे.