आपली मुले आणि शेजारचा देश
(मंडळाच्या वर्धापनदिनी एका सभासद भगिनीने केलेले भाषण)

अध्यक्षबाई, वडीलधाऱ्या भगिनी, मैत्रिणींनो, आणि मागे सतरंजीवर चुळबूळ करीत बसलेल्या मुलांनो,

माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. हळदीकुंकवाला चारचौघींत बोलणे निराळे आणि असे उभे राहून बोलणे निराळे. हातातला कागद थरथरला तर हसू नका. पण गेल्या १५ ऑगस्टला मंडळाने मुलांकडून 'आपला शेजारी देश' ह्या विषयावर दहा-दहा ओळी लिहून घेतल्या, आणि ते कागद वाचण्याचे काम माझ्याकडे आले. त्या कागदांनी मला स्वस्थ बसू दिले नाही, म्हणून आज मी उभी आहे.

तेवीस मुलांनी लिहिले. एकाने नेपाळवर, दोघींनी श्रीलंकेवर, आणि बाकीच्या वीस जणांनी पाकिस्तानवर. विषय मुलांनीच निवडला होता. म्हणजे शेजारी म्हटले की मुलांच्या डोळ्यांपुढे कोण येते, ते पाहा!

पाकिस्तानची राजधानी कोणती, तर पाच जणांनी कराची लिहिली आणि तिघांनी लाहोर. कराची ही पहिली राजधानी होती, हे खरे. पण आज ती इस्लामाबाद आहे. मोहेंजोदडो गुजराथेत आहे, असे चौघांनी लिहिले. गुजराथेत आहेत लोथल आणि धोलावीरा. मोहेंजोदडो सिंधमध्ये, लारकाण्याजवळ. तिथले सगळे लोक उर्दू बोलतात, असे तर जवळजवळ सर्वांनीच लिहिले. खरे पाहता उर्दू ही तिथे दहांत एकाचीही मातृभाषा नाही. सर्वांत जास्त लोक घरात पंजाबी बोलतात, शिवाय सिंधी, पश्तू, बलुची आहेतच. बांगलादेश हा पूर्वी पाकिस्तानचाच पूर्व भाग होता आणि १९७१ साली वेगळा झाला, हे फक्त दोघांना ठाऊक होते. एका मुलाने लिहिले की पाकिस्तानात आता एकही हिंदू उरला नाही. २०२३ सालच्या तिथल्या जनगणनेत, अनुसूचित जाती धरून, पन्नास लाखांच्या वर हिंदू आहेत. बहुतेक सिंधमध्ये, उमरकोट आणि थरपारकरच्या बाजूला. त्यांचे दिवस सुखाचे आहेत असे मी म्हणत नाही. पण आपण 'कोणी नाही' म्हटले, की त्यांच्या सुखदुःखाची चौकशीही संपते.

आता एक गंमत. मी मुलांना तोंडी विचारले, "अटकेपार झेंडे लावले म्हणतात, ते अटक कोठे आहे?" एक म्हणाला, "अटक म्हणजे पोलीस धरतात ती." दुसरा म्हणाला, "दिल्लीच्या पुढे असेल." १७५८ साली मराठे जिथवर पोचले ते अटक सिंधू नदीच्या काठी, आजच्या पाकिस्तानात, पंजाब प्रांतात आहे. कोणाचा मुलगा अमेरिकेला गेला की आपण लगेच 'अटकेपार' म्हणतो. खरे सांगू का, मलाही अटक कोठे आहे ते ठाऊक नव्हते. घरी येऊन मुलाच्या नकाशात बोट फिरवीत शोधले.

चुका कोणाच्या नाहीत? भूगोलाच्या चुका दुरुस्त होतात. पण त्या वीस कागदांवर एक वाक्य थोड्याफार फरकाने पुन्हा पुन्हा आले होते, 'तिथले सगळे लोक वाईट असतात.' हे काही मुलांच्या पुस्तकात नाही. मी माझ्या मुलीची जुनी पुस्तके काढून पाहिली. त्यांत काश्मीर आहे, युद्धे आहेत, सिमला करार आहे. 'सगळे लोक वाईट' असे कोठेही नाही. मग हे आले कोठून?

ते कोठून आले ते मला माहीत आहे, आणि तेच सांगायला मी उभी आहे. सांगताना लाज वाटते, पण आपल्याच मंडळात सांगायचे नाही तर कोठे?

२०२५ च्या एप्रिलात पहलगामला सव्वीस माणसे मारली गेली. त्यांत सहा जण आपल्या महाराष्ट्रातले होते. पुढे मे महिन्यात लढाईसारखे दिवस आले. आपल्या कॅम्पात घरटी कोणी ना कोणी लष्कराशी बांधलेले, तेव्हा जीव टांगणीला लागलेला. आमच्याकडे टीव्ही सकाळपासून रात्रीपर्यंत चालू. मी भाकरी थापता थापता बोलून गेले, "एकजात सगळे तसलेच." एकदा नाही, दिवसातून चार वेळा म्हणाले असेन. धाकटा शेजारी बसून जेवत होता.

दोन-चार दिवसांनी गल्लीत मुलांचे क्रिकेट चालले होते. आऊट की नॉट आऊट ह्यावरून भांडण झाले. आमच्या शेजारच्या दादींची पणती, अकरा वर्षांची पोर, हट्टाला पेटली. तेव्हा माझा मुलगा तिला म्हणाला, "तुम्ही पाकिस्तानीच. तुमच्या दादी तिकडच्याच. एकजात सगळे तसलेच." शब्द माझे, क्रमही माझाच. मी ओट्यावरून ऐकले आणि हातातले ताट तसेच राहिले.

दादींना आपल्यापैकी पुष्कळजणी ओळखतात. सत्त्याऐंशी वर्षांच्या आहेत. माझ्या पहिल्या बाळंतपणात सासूबाई आजारी होत्या, तेव्हा ह्या बाई रात्र रात्र माझ्या उशाशी बसल्या. त्यांना माझ्या मुलाने हे ऐकवावे!

संध्याकाळी मुलाला घेऊन त्यांच्याकडे गेले. त्यांच्या रीतीप्रमाणे आधी भाजलेला पापड आणि पाणी पुढे आले. माझ्या घशाखाली पाणी उतरेना. मी माफी मागू लागले तशी त्या म्हणाल्या, "तू बस. त्याला मी सांगते." आणि पलंगाखालची पत्र्याची पेटी ओढायला लावली.

त्या शिकारपूरच्या. सिंधमधले मोठे व्यापारी गाव. फाळणी झाली तेव्हा त्या नऊ वर्षांच्या होत्या. आज ना उद्या सगळे निवळेल म्हणून वडील थांबून राहिले होते. ६ जानेवारी १९४८ ला कराचीत दंगल झाली, घरे लुटली गेली, आणि मग घरच्यांनी निघायचे ठरविले. कराचीहून बोटीने मुंबई, मुंबईहून गाडीने देवळाली. इंग्रजांनी गोऱ्या शिपायांसाठी बांधलेल्या बराकींत निर्वासितांची छावणी होती, तिथे एका खोलीत मध्ये चादरी टांगून तीन कुटुंबे राहिली. वडील लॅम रोडवर पाटी घेऊन पापड विकू लागले. तिकडे त्यांचे दुकान होते.

पेटीतून दादींनी एक कागद काढला. पिवळा पडलेला, घड्यांवर फाटलेला. वडिलांचे मॅट्रिकचे प्रमाणपत्र. मुलाला म्हणाल्या, "वाच." त्याने अडखळत वाचले. शाळा शिकारपूरची, आणि वर नाव मुंबई विद्यापीठाचे! मुलगा कागदाकडे पाहतो, माझ्याकडे पाहतो. मलाही उलगडा होईना.

त्याचे कारण मी नंतर समजून घेतले. इंग्रजांनी १८४३ साली सिंध जिंकला आणि १८४७ साली तो मुंबई इलाख्याला जोडला. १९३६ पर्यंत नाशिक जसे मुंबई इलाख्यात तसेच शिकारपूरही. सिंधला स्वतःचे विद्यापीठ मिळाले ते १९४७ साली. तोवर तिथली मुले परीक्षेला बसत ती मुंबईच्याच. आणि आपली माणसेही तिकडे गेली होती. नारायण जगन्नाथ वैद्य हे शिक्षणखात्यातले गृहस्थ मुंबई इलाख्यातून सिंधमध्ये गेले. १८५५ साली निघालेली कराचीतली सरकारी शाळा पुढे त्यांच्या नावाने ओळखली जाऊ लागली, आणि पाकिस्तान झाल्यावरही ते नाव बदलले नाही. कराचीच्या मुख्य रस्त्यावर आजही त्या नावाची शाळा भरते. हे आपल्या किती मुलांना ठाऊक आहे? मला तरी कोठे होते!

कागदाची घडी घालता घालता दादी एवढेच म्हणाल्या, "तिथून आम्हांला हिंदू म्हणून काढले. इथे आलो तर लोक निर्वासित म्हणाले. आता म्हातारपणी पाकिस्तानी म्हणता. माझे नाव तरी काय ते एकदा ठरवा, बेटा." आवाज चढविला नाही. मुलगा रडू लागला. मी रडले नाही, कारण ते शब्द त्याचे नव्हतेच, माझे होते.

बायांनो, इथे बसलेल्यांपैकी कोणाच्या घरचे आज सीमेवर आहेत, कोणाच्या घरचे परत आले नाहीत. त्यांच्यापुढे 'शेजारी गोड माणूस' असे काही सांगण्याचा अधिकार मला नाही आणि तसे मला म्हणायचेही नाही. १९४७-४८, १९६५, १९७१, १९९९ ही वर्षे मुलांना पाठ असलीच पाहिजेत. पहलगाम विसरता कामा नये. मी हा प्रश्न आमच्या वाड्यातल्या एका निवृत्त हवालदारांना विचारला. त्यांची सारी नोकरी तोफखान्यात गेली. ते म्हणाले, "वहिनी, तोफ डागायची तर आधी नकाशा बरोबर लागतो. नुसत्या रागाने गोळा लांब जात नाही. माप चुकले तर तो आपल्याच माणसांत पडतो." माझ्या मुलाचा गोळा असाच आपल्या माणसांत पडला होता. आणखी एक त्यांनीच सांगितले. आपल्या कॅम्पाची शान असलेली तोफखान्याची शाळा पूर्वी काकूलला होती. ते काकूल आज पाकिस्तानात आहे.

आपल्या स्वयंपाकघरातलेच पाहा. उपवासाला आपण सैंधव वापरतो. सैंधव म्हणजे सिंधू देशाचे. वर्षानुवर्षे ते पाकिस्तानातल्या खेवड्याच्या खाणीतून येत असे. २०१९ साली त्यावर जबर जकात बसली आणि मे २०२५ मध्ये तिकडचा माल येणेच बंद झाले. बंद करावे लागले ते योग्यच असेल. तो सरकारचा विचार. पण आपल्या एकादशीच्या ताटात काय होते आणि कोठून आले होते, हे मुलाला सांगायला काय हरकत आहे? राष्ट्रगीत मुले रोज म्हणतात. त्यात सिंधचे नाव आहे. ते काढावे म्हणून कोणी न्यायालयात गेले होते, आणि २००५ साली सर्वोच्च न्यायालयाने त्याला नकार दिला. १९६७ साली सिंधी भाषेला आपल्या घटनेच्या यादीत स्थान मिळाले. म्हणजे जमीन तिकडे राहिली तरी भाषा आणि माणसे इथली झाली. चेटीचंड आणि आपला पाडवा एकाच सुमारास येतात, हे तर कॅम्पातल्या पोरासोरांनाही दिसते.

आणि 'सगळेच वाईट' म्हणणाऱ्या मुलाला मी आणखी एक गोष्ट सांगितली. आपली एक मुकी-बहिरी मुलगी लहानपणी चुकून रेल्वेने सीमेपलीकडे गेली. कराचीच्या एधी संस्थेने तिला वर्षानुवर्षे सांभाळले, तिला तिच्या देवाची पूजा करू दिली, आणि २०१५ साली ती परत आली. पुढे तिच्या घरच्यांचा शोध घेता घेता धागा आपल्या परभणीकडे पोचल्याचे वर्तमानपत्रांत आले होते. संस्था काढणारे अब्दुल सत्तार एधी जन्माने गुजराथेतल्या बांटव्याचे. मारणारे तिथलेच आणि सांभाळणारेही तिथलेच. दोन्ही खरे आहे, आणि मुलाला दोन्ही कळू शकते. मुले आपल्याला वाटते त्याहून शहाणी असतात.

आता मंडळापुढे माझ्या तीन सूचना. एक, मंडळाच्या भिंतीवर भारत आणि शेजारी देशांचा मोठा नकाशा लावावा. वर्गणीत माझे शंभर रुपये लिहून घ्या. दोन, कॅम्पात फाळणी डोळ्यांनी पाहिलेली माणसे आता बोटांवर मोजण्याइतकी राहिली आहेत. शनिवारी दुपारी एकेकाला बोलवावे, मुलांनी विचारावे, आणि कोणी मोठ्या मुलीने ते वहीत उतरून ठेवावे. तीन, आणि ही सूचना सर्वांत स्वस्त पण पाळायला कठीण आहे. बातम्या बघताना मुलांसमोर 'सगळे' हा शब्द आपण टाकून द्यावा. सरकारने केले तर सरकार म्हणावे, लष्कराने केले तर लष्कर, अतिरेक्यांनी केले तर अतिरेकी. शाळेतले मास्तर चुकले तर परीक्षेत गुण कमी पडतील. आपण चुकलो तर पोराचे मन नासते, आणि ते आपल्याला कळतही नाही.

दादींनी माझ्या मुलाला केव्हाच माफ केले. तो त्यांची औषधे आणून देतो. पण ती अकरा वर्षांची पोर पूर्वी 'काकी' म्हणून धावत स्वयंपाकघरापर्यंत यायची, ती आता दारातच उभी राहते. निरोप सांगते आणि जाते. मी 'ये ग आत' म्हणते. ती 'नको, घाई आहे' म्हणते. एवढ्याशा पोरीला कसली आली आहे घाई?

ती ज्या दिवशी पुन्हा न विचारता आत येऊन डब्यातला लाडू घेईल, त्या दिवशी माझे हे भाषण पुरे झाले असे मी समजेन. आज ते अर्धेच ठेवून आपली रजा घेते.

जय हिंद.