सरड्यांचा संसार आणि आपला



व्याख्यानमालेच्या चालकांनी मला बोलावले तेव्हा मी कामगार कायद्यावर किंवा कंत्राटी पद्धतीवर बोलेन अशी त्यांची समजूत असावी. मी विषय कळवला, ‘घरात सरडे पाळणे’. दुसऱ्या दिवशी चिटणीसांचा फोन आला, “अहो, विषय लिहिताना काही चूक तर झाली नाही ना?” चूक झालेली नाही. मी नववीत शाळा सोडली. पुढचे शिक्षण कारखान्याच्या फाटकावर आणि सार्वजनिक वाचनालयात झाले. त्यातला एक धडा मात्र मला घरी, स्वयंपाकघराच्या ओट्याशी मिळाला, आणि तो फार उशिरा मिळाला. तो आपल्यापुढे मांडावा म्हणून हा विषय घेतला.

आपल्या भाषेने सरड्याला फारसा मान दिलेला नाही. कोणाची धाव थोडी असली की ती सरड्याची कुंपणापर्यंतची धाव. रंग बदलणारा पुढारी दिसला की तोही सरडाच. मनात संशय आला तर चुकचुकते ती पाल. एका घोरपडीचे तेवढे आपण कौतुक करतो. इथून, कात्रजच्या डोंगरावरून धारेने चालत गेले की सिंहगड येतो. १६७० साली तानाजी मालुसऱ्यांनी तो गड घेतला, तेव्हा यशवंती नावाची घोरपड दोर घेऊन कडा चढली, ही गोष्ट आपण सर्वांनी लहानपणी ऐकली आहे. ती शाहिराच्या पोवाड्यातली आहे, तिला त्या काळच्या कागदपत्रांचा आधार नाही. पण लोकांनी एका मुक्या प्राण्याला नाव दिले आणि लढाईत वाटा दिला, एवढे त्यात खरे आहे.

कात्रजचे आणि सरपटणाऱ्या प्राण्यांचे नाते मात्र पोवाड्यातले नाही, ते चांगले कागदोपत्री आहे. १९८६ साली येथे सर्पोद्यान सुरू झाले. त्यामागे श्री. नीलिमकुमार खैरे यांची खटपट होती. माथेरानजवळच्या एका विश्रामगृहाची देखभाल करताना त्यांचा सापांशी संबंध आला. १९८० साली पुण्यात ७२ विषारी सापांच्या सोबत ७२ तास काचेच्या खोलीत राहून त्यांनी विक्रम केला. लोक विक्रम पाहायला गेले आणि साप म्हटला की तो मारलाच पाहिजे असे नाही, हे शिकून आले. पुढे १९९९ साली पेशवे पार्कातले प्राणी कात्रजला आले आणि राजीव गांधी प्राणिसंग्रहालय उभे राहिले. आपण रविवारी मुलांना घेऊन जातो, सुसर बघतो, घोरपड बघतो, भेळ खातो आणि परत येतो. आपण बघत असतो त्याच्या आधी पहाटे कोणीतरी पिंजरा झाडलेला असतो, पाणी बदललेले असते, खाणे तोलून दिलेले असते. रविवारची सुटी आपल्याला १८९० साली नारायण मेघाजी लोखंडे यांच्या खटपटीने मिळाली. प्राण्याच्या पोटाला ती सुटी ठाऊक नाही. म्हणून त्याची निगा राखणाऱ्याला सुटी हवी असेल, तर त्याच्या जागी दुसरा माणूस उभा करावा लागतो. कारखान्यात याला आम्ही बदली कामगार म्हणतो. घरात त्याला काय म्हणतात, हाच आजचा प्रश्न आहे.

प्राणी आणि संसार एकत्र नांदू शकतात का, असे विचाराल तर महाराष्ट्रात त्याचे मोठे उदाहरण आहे. भामरागडच्या जंगलात हेमलकसा येथे १९७३ साली लोकबिरादरी प्रकल्प सुरू झाला. डॉ. प्रकाश आमटे आणि डॉ. मंदाकिनी आमटे हे दोघेही डॉक्टर तिथे माडिया लोकांची सेवा करण्यासाठी गेले. शिकारीत मारलेल्या माकडिणीच्या छातीला बिलगलेले एक जिवंत पिल्लू डॉक्टरांच्या दृष्टीस पडले. ते त्यांनी मागून घेतले, आणि तिथून त्यांच्या अंगणात अनाथ प्राण्यांचा गोतावळा जमत गेला. बिबटे, अस्वले, हरणे, साप, मगरी यांच्यातच त्यांची मुले वाढली. घोणस चावून प्रकाशभाऊंच्या जिवावर बेतले, तरी त्यांनी ते काम सोडले नाही. २००८ सालचा मॅगसेसे पुरस्कार त्या दोघांना मिळून मिळाला, ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. जंगलात दवाखाना, मुले आणि प्राणी असा तिहेरी संसार एकट्या पुरुषाच्या बळावर चालत नाही. दुसरी गोष्ट अशी की त्यांनी प्राणी हौसेने आणले नाहीत. जे उघड्यावर पडले त्यांना जवळ केले. आमच्या घरी नेमके उलटे झाले.

२०१५ साली माझ्या धाकट्या मुलाने तळहाताएवढा एक हिरवा सरडा घरी आणला. त्याला इग्वाना म्हणतात. तो मूळचा मध्य आणि दक्षिण अमेरिकेतला. निव्वळ पाला खाणारा, दिसायला पोपटासारखा हिरवागार. विकणाऱ्याने सांगितले की याला काही लागत नाही, चार पाने टाकली की झाले. तो दीड मीटरपर्यंत वाढतो आणि नीट सांभाळला तर पंधरा-वीस वर्षे जगतो, हे त्याने सांगितले नाही. मग मुलाच्या एका मित्राने घर बदलले, त्याचा सरडा आमच्याकडे आला. दुसऱ्याचे लग्न ठरले, त्याचे दोन आले. असे करत सहा झाले. कात्रजला आमचे दोन खोल्यांचे घर आणि वर गच्ची. गच्चीवर जाळीची खोली बांधली. मोठे झालेले नर एकमेकांचे तोंड पाहीनात, म्हणून तिचे तीन भाग केले. त्यांना ऊब लागते. पुण्याच्या थंडीत रात्री दिवा लावून जाळीची खोली गरम ठेवावी लागते, आणि वीज गेली की पोती आणि गरम पाण्याच्या बाटल्या घेऊन गच्चीवर धावावे लागते.

मुलगा कॉलेजात, मी फाटकावरच्या सभेत नाहीतर कामगार न्यायालयात. हे सारे करीत कोण होते, हे मी कधी विचारले नाही. पाहुण्यांना मात्र मी मोठ्या अभिमानाने सांगत असे, “आम्ही सहा इग्वाना पाळले आहेत.” यातल्या ‘आम्ही’ या शब्दाचा हिशेब २०१९ च्या मे महिन्यात झाला. माझ्या सासूबाई आजारी पडल्या आणि पत्नी तीन आठवडे माहेरी गेली. मुलाची परीक्षा होती. सगळे काम माझ्याकडे आले.

मला कामाचे तास मांडायची सवय आहे. वही घेतली आणि लिहू लागलो. सकाळी जाळी झाडणे, विष्ठा काढणे, पाणी बदलणे, शेवग्याचा पाला, जास्वंदीची पाने, लाल भोपळा बारीक चिरून देणे, ५० मिनिटे. मंडईत जाऊन पाला निवडून आणणे, २५ मिनिटे. पालक सदा चालत नाही, त्याने अंगात कॅल्शियम नीट लागत नाही, हेही मला तेव्हाच कळले. ज्यांना जाळीत ऊन पुरत नाही त्यांना उन्हात घेऊन बसणे, ४० मिनिटे. संध्याकाळी भांडी वेगळ्या बादलीत धुणे, दिवे तपासणे, आणि नंतर साबणाने कोपरापर्यंत हात धुणे, ४५ मिनिटे. हे हात धुणे म्हणजे सोवळेओवळे नव्हे. या प्राण्यांच्या अंगावर साल्मोनेला नावाचे जंतू असतात आणि लहान मुलांना व म्हाताऱ्यांना त्यांचा त्रास होतो. एकूण बेरीज दोन तास चाळीस मिनिटे. महिन्याचे ८० तास. म्हणजे आठ तासांच्या पूर्ण दहा पाळ्या, आणि त्याही घरातले बाकीचे काम करून.

बंधुभगिनींनो, अर्ध्या तासाच्या जादा कामासाठी मी व्यवस्थापनाच्या टेबलावर मूठ आपटली आहे. माझ्याच घरात चार वर्षे एक माणूस महिन्याला दहा पाळ्या जादा भरत होता आणि त्याची नोंद कुठल्याच हजेरीपटावर नव्हती.

पत्नी परत आली तेव्हा मी वही तिच्यापुढे ठेवली. तिने पाने उलटली आणि म्हणाली, “अहो, रात्री वीज जाते ते यात धरलंच नाहीत तुम्ही.” मग आम्ही तिघांनी बसून करार केला. पहाटेची साफसफाई मुलाची. मंडई आणि दिव्यांचे काम माझे. पाला देणे तिचे, कारण ते तिला मनापासून आवडते. सरडेही तिच्या हातून अधिक खातात. आठवड्यातून एक पूर्ण दिवस तिला सुटी. आणि सातवा सरडा घरात येणार नाही. कागद तिघांच्या सह्या घेऊन फ्रीजच्या दारावर लावला.

करार झाला की काम संपले असे समजणारा कार्यकर्ता कच्चा, हे मी तरुण पोरांना नेहमी सांगतो. आता माझी गोष्ट ऐका. या प्राण्यांना उजेडाबरोबर एक विशिष्ट किरण लागतो. उन्हात तो असतो, पण खिडकीच्या काचेतून तो आत येत नाही. त्यावाचून हाडे धरत नाहीत. म्हणून पावसाळ्यात, ऊन नसते तेव्हा, एक खास नळी लावतात. ती वर्षभराने बदलावी लागते, कारण ती लागलेली दिसते पण तिच्यातला तो किरण सरलेला असतो. नळी बदलणे माझ्याकडे होते. २०२१ च्या उन्हाळ्यात ती बदलायची होती. नळी महाग होती, मी म्हटले, लागते आहे ना, पुढच्या महिन्यात बघू. त्यानंतर कात्रजचा चार महिन्यांचा पाऊस झाला.

ऑक्टोबरात पत्नीच्या लक्षात आले की सोनी, म्हणजे आमची सर्वांत जुनी मादी, पान तोंडात धरते पण चावत नाही. मागचे पाय थरथरत होते. जबडा बोटाने दाबला तर मऊ लागला. डॉक्टरांनी पाहताक्षणी सांगितले, हाडे विरघळत चालली आहेत. औषध, कॅल्शियम, ऊन, सगळे केले. सोनी वाचली, पण तिच्या पाठीला आलेला बाक आजही तसाच आहे. त्या रात्री पत्नी रागावली नाही. एवढेच म्हणाली, “दिवा लागलाय, एवढंच तुम्ही बघितलंत.”

मी झोपलो नाही. तपासनीस यायच्या दिवशी धूळ ओढणारा पंखा चालू ठेवायचा आणि त्याच्या आत जाळी बुजलेली, असे कारखाने मी पाहिले आहेत, त्यांच्याविरुद्ध भाषणे केली आहेत. माझ्या गच्चीवर मी तेच केले होते. कामगार निदान तक्रार करतो, फाटकावर येतो. सरडा ओरडत नाही. तो आजार शेवटपर्यंत लपवतो, कारण जंगलात दुबळा दिसला तो मेला. म्हणून त्याची तक्रार दुसऱ्या कोणाला तरी वाचावी लागते. आमच्या घरी ती वाचली, ती रोज दोन तास चाळीस मिनिटे त्याच्याजवळ असणाऱ्या बाईने. जिची मेहनत मला दिसत नव्हती, तिलाच त्या प्राण्याचे दुखणे दिसले.

आता कायद्याबद्दल थोडक्यात सांगतो, कारण इथे तरुण मंडळी बरीच दिसत आहेत. आपल्या रानातली घोरपड घरी आणणे हा गुन्हा आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात ती पहिल्या अनुसूचीत आहे आणि शिक्षा तीन ते सात वर्षांची आहे. बाजारात ‘हत्थाजोडी’ म्हणून जे मूळ विकले जाते, ते मूळ नसून नर घोरपडीचा कापून वाळवलेला अवयव असतो. देवघरात ठेवण्यासाठी ते घेणारा माणूस नकळत एका घोरपडीच्या मरणाचे पैसे देतो. परदेशी प्राण्यांची माहिती स्वखुशीने देण्याची मुभा सरकारने २०२० साली दिली होती, तेव्हा आम्ही आमचे सहाही नोंदवले. कायद्यात २०२२ साली दुरुस्ती झाली आणि २०२४ साली नियम आले, तेव्हापासून इग्वानासारख्या प्राण्यांची नोंद सक्तीची आहे. जन्म, मृत्यू, दुसऱ्याला देणे, सारे कळवावे लागते. काहींना हा जाच वाटतो. मला वाटत नाही. ज्याचे नाव हजेरीपटावर नाही, त्याच्यावर काय वाटेल ते करता येते, हे मी आयुष्यभर पाहिले आहे.

२०२२ साली मुलगा नोकरीसाठी बंगळुरूला गेला. नोकरी त्याने केलीच पाहिजे, त्याला दोष नाही. एक सरडा त्या वर्षी गेला, एक आम्ही रीतसर नोंद करून एका जाणत्या माणसाकडे दिला. चार आहेत. शेजारचे एक गृहस्थ म्हणाले, “साहेब, कशाला ओढताय? तळ्याकाठी सोडून द्या, झाडं आहेत, पाणी आहे.” तो प्राणी एकतर थंडीत मरेल, नाहीतर जगून इथल्या प्राण्यांच्या तोंडचे खाईल. आणि आपले प्राणिसंग्रहालय म्हणजे कंटाळलेल्या हौशी लोकांची अडगळीची खोली नव्हे. तिथल्या कामगारांना काम पुरेसे आहे.

तेव्हा ज्यांना असा प्राणी आणावासा वाटतो त्यांनी आधी तीन प्रश्न कागदावर लिहावेत. याचे रोजचे तास किती? ते तास कोण भरणार, आणि त्याला विचारले आहे का? आपण घरात नसू तेव्हा बदली कोण? उत्तरे आली आणि घरच्या सर्वांच्या सह्या झाल्या, तर जरूर आणा. त्या प्राण्याच्या सहवासात आनंद आहे, हे मी नाकारत नाही. सकाळी उन्हात डोळे मिटून पडलेली सोनी पाहिली की फाटकावरची कटकट थोडा वेळ विसरायला होते. पण उत्तरे आली नाहीत, तर कात्रजला या, तिकीट काढा, घोरपड बघा आणि घरी जा. आणि जखमी घोरपड दिसली तर हात लावू नका, वन खात्याला १९२६ या क्रमांकावर कळवा.

आज या सभेला पत्नी आलेली नाही. आज तिच्या सुटीचा वार आहे आणि ती मैत्रिणींबरोबर नाटकाला गेली आहे. संध्याकाळचे दिवे तपासायची पाळी माझी आहे, म्हणून अध्यक्षांची परवानगी घेऊन मी वेळेवर थांबतो.