घरातल्या कामालाही भोंगा हवा
(स्नेहमेळाव्यातील भाषण)



संयोजकांनी मला विषय दिला, 'घरून काम करताना उत्पादकता कशी टिकवावी'. आपल्या आया-आज्यांकडे या जड शब्दासाठी एक सुटसुटीत शब्द होता : उरक. 'तिला कामाचा उरक आहे' म्हणजे ती दिवसभर राबते असं नव्हे. हातात घेतलेलं काम ती वेळेत हातावेगळं करते, असा त्याचा अर्थ. मी आज या उरकाबद्दलच बोलणार आहे.

मी पुनावळ्याला राहते. हिंजवडी तशी हाकेच्या अंतरावर. पण महामार्गाखालच्या बोगद्यातली कोंडी ज्यांनी पाहिली आहे, त्यांना ही हाक किती लांबची ते ठाऊक आहे. मार्च 2020 मध्ये टाळेबंदी लागली आणि हिंजवडीतली कार्यालयं आमच्या जेवणाच्या टेबलांवर आली. आता अनेक कंपन्या आठवड्यातले काही दिवस बोलावतात, बाकीचे दिवस घरून. आपल्यातल्या काही मैत्रिणींसाठी हा सोयीचा प्रश्न नाही. मुलं लहान म्हणून, घरी आजारी माणूस म्हणून ज्यांनी नोकरी सोडली होती, त्या याच वाटेनं परत आल्या. घरून काम नीट होतं हे दिसत राहिलं, तरच ही वाट उघडी राहणार आहे. आणि ते करताना माणूस मोडून पडता कामा नये.

घरून काम ही गोष्ट संगणकानं आणलेली नाही. 15 मार्च 1959 रोजी गिरगावात सात बायकांनी 80 रुपये उसने घेऊन पापड लाटायला सुरुवात केली. तेच आजचं लिज्जत. त्यांची पद्धत बघा. पीठ केंद्रावर मळलं जातं. भगिनी ते मोजून घरी नेतात, पापड लाटून वाळवतात आणि दुसऱ्या दिवशी केंद्रावर देतात. तिथे पापड तपासले जातात, वजन होतं, वजनाप्रमाणे पैसे मिळतात. घरात स्वच्छ, मोकळी जागा असेल तरच लाटायचं काम मिळतं. नसेल त्यांना मळणं, पॅकिंग अशी केंद्रावरची कामं असतात. सोलापुरात घरोघरी विड्या वळणाऱ्या बायकांचा हिशेबही हजार विड्यांवर चालतो.

म्हणजे या बायकांकडे तीन गोष्टी ठरलेल्या होत्या : कामाचं माप, कामाची जागा आणि कामाचा शेवट. आम्हा संगणकवाल्यांचं काम घरी आलं, तेव्हा नेमक्या याच तीन गोष्टी वाटेत गळाल्या.

आधी माप. आपलं पहिलं घरून काम म्हणजे गृहपाठ. इथे बसलेल्या गुरुजनांनी कधी विचारलं नाही, की 'किती तास बसला होतास?' त्यांनी वही मागितली. आज मात्र चॅटमध्ये नावापुढे हिरवा ठिपका दिसतो की नाही, यावर माणूस कामावर आहे असं धरलं जातं. मी सकाळी कामाला बसण्यापूर्वी कागदावर तीनच ओळी लिहिते : आज संध्याकाळपर्यंत काय पुरं झालेलं असेल. 'पेमेंटच्या मोड्यूलवर काम करणे' ही ओळ चालत नाही, कारण ती कधीच पुरी होत नाही. 'परताव्याची चूक दुरुस्त करून तपासणीला देणे' ही चालते. आपल्यातले जे आता मॅनेजर झाले आहेत, त्यांना हात जोडून सांगणं आहे, ठिपका बघू नका, वही बघा.

दुसरी जागा. चीनमधल्या सीट्रिप या पर्यटन कंपनीच्या कॉल सेंटरमध्ये स्टॅनफर्डचे निकोलस ब्लूम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नऊ महिने प्रयोग केला. 2015 मध्ये तो प्रसिद्ध झाला. आठवड्यातले चार दिवस घरून काम करणाऱ्यांचं काम 13 टक्क्यांनी वाढलं. त्यातला मोठा वाटा सुट्या आणि मधल्या विश्रांत्या कमी झाल्याचा होता, उरलेला घरातल्या शांततेचा. पण भाग घ्यायची एक अट होती, घरात स्वतंत्र खोली हवी. लिज्जतच्या मोकळ्या जागेसारखीच ही अट! आमच्या दोन बेडरूमच्या फ्लॅटमध्ये स्वतंत्र खोली कुठून आणायची? मी एक कोपरा धरला आहे : भिंतीकडे तोंड केलेलं टेबल, नीट पाठ टेकेल अशी खुर्ची, आणि गुरुवारी दुरुस्तीसाठी वीज गेली तरी राउटर चालावा म्हणून छोटा बॅकअप. त्या टेबलावर जेवण नाही, मुलांचा अभ्यास नाही, भाजी निवडणं नाही.

जागेपेक्षा अवघड आहे घरच्यांचं समजणं. 'तू घरीच आहेस ना, मग जरा...' हे वाक्य इथल्या प्रत्येक घरून काम करणारीनं ऐकलं असेल. केंद्र सरकारच्या 2019 च्या वेळ-वापर पाहणीत घरकाम करणाऱ्या बायका त्यावर दिवसाला सरासरी 299 मिनिटं देतात आणि पुरुष 97 मिनिटं, असं दिसलं. जवळजवळ पाच तास! तेव्हा बाईचा उरक कमी पडतो असं म्हणण्याआधी ही बेरीज मांडावी. आमच्या फ्रिजवर रोज माझ्या मीटिंगच्या वेळा लिहिलेल्या असतात. सासूबाई त्या बघूनच कुकर लावायला हाक मारतात. गॅस सिलिंडर, कुरिअर आणि सोसायटीचा प्लंबर ही तीन खाती माझ्या नवऱ्याकडे आहेत, तो घरून काम करत असो वा नसो. हे एका दिवसात ठरलं नाही. पण बोलल्याशिवाय तर कधीच ठरत नाही.

तिसरा शेवट. आपल्यापैकी कितीतरी जणांचे वडील टेल्कोत, बजाजमध्ये होते. भोंगा झाला की पाळी सुटायची आणि यंत्र पुढच्या माणसाच्या हाती जायचं. जाताना सांगून जायचं, कुठवर आलं, कुठे अडलं. आजही चाकणच्या शॉपफ्लोअरवर आपले मित्र हेच करतात. घरी भोंगा नाही. त्यात न्यूयॉर्कला सकाळचे नऊ वाजतात तेव्हा आपल्याकडे उन्हाळ्यात संध्याकाळचे साडेसहा, हिवाळ्यात साडेसात. म्हणजे कामाचा दिवस मावळायच्या वेळीच तिकडचा उगवतो. म्हणून मी दोन नियम पाळते. संध्याकाळी कॉल असेल त्या दिवशी दुपारचे दोन तास माझे. ते कॅलेंडरवर अडवून ठेवलेले असतात आणि सगळ्या टीमला दिसतात. आणि लॅपटॉप मिटण्यापूर्वी दहा मिनिटं उद्याच्या पाळीसाठी नोंद लिहायची : कुठवर आलं, कुठे अडलं, सकाळी पहिलं काय. उद्याच्या पाळीवरही मीच असते, पण नोंद लिहिली की डोकं रात्री त्याच चुकीभोवती फिरत नाही.

एक सावधगिरी सांगायला हवी. सीट्रिपच्या त्याच प्रयोगात काम वाढूनही घरून काम करणाऱ्यांना, कामगिरीच्या मानानं, बढत्या कमी मिळाल्या. आणि प्रयोग संपल्यावर त्यांच्यातले जवळपास निम्मे जण कार्यालयात परतले. मोठं कारण एकटेपणा. तेव्हा कार्यालयाचे दिवस कानाला हेडफोन लावून घालवू नका. ते दिवस माणसांसाठी ठेवा. नव्या मुलांना शेजारी बसवून शिकवा, साहेबांना झालेलं काम तोंडानं सांगा, चहाला थांबा. एकाग्रतेचं काम घरच्या दिवसांसाठी राखा.

मैत्रिणींनो, तुमच्यातली जी पुन्हा नोकरी धरायचा विचार करते आहे, तिनं मुलाखतीच्या तयारीआधी घरात ही तीन माणसांची बैठक घ्यावी : आपण, नवरा आणि घरातलं वडीलधारं माणूस. माप, जागा आणि शेवट तिथे ठरवा. मुलाखतीत काय विचारतात, ते सांगायला मी आहेच. आज जेवणानंतर मागच्या बाकांवर भेटा.