दोन मिनिटांचा नाच

इअरफोन लावलेत ना? आज कोडिंग, पगार, कंपनी स्विच, काहीच नाही. आज नाचाबद्दल बोलायचंय. मी स्वतः नाचणारा नाही. गॅदरिंगमध्ये मागच्या रांगेत टोकाला उभं करतात ना, तो मुलगा मी. पण माझी धाकटी बहीण नाचते. टीव्हीवरच्या डान्स स्पर्धांनी आमच्या घरात काय केलं, ते मी जवळून पाहिलंय.

१९९६ मध्ये सोनीवर 'बूगी वूगी' आलं. जावेद जाफरी, नावेद जाफरी, रवी बहल, आणि स्टेजवर अगदी कुणीही, पोरांच्या आयासुद्धा. मजा होती ती. मग २००९ ला झीवर 'डान्स इंडिया डान्स' आलं. गीता कपूर, टेरेन्स लुईस, रेमो डिसूझा आणि वर मिथुनदा. 'कंटेम्पररी' हा शब्द आमच्या गल्लीत तेव्हा पोचला. तिकडे 'एकापेक्षा एक'मध्ये सचिन पिळगावकर महागुरू. आमची आजी जेवताना मार्क द्यायची.

फायदा झाला, खूप झाला. सुरेश मुकुंदचा ग्रुपच बघा. वसई-नालासोपाऱ्याकडची पोरं. २०११ ला 'इंडियाज गॉट टॅलेंट' जिंकली आणि २०१९ ला अमेरिकेत 'वर्ल्ड ऑफ डान्स' जिंकून १० लाख डॉलर घेऊन आली. त्याआधी लोकलने फिरणारा मुलगा "मी डान्सर होणार" म्हणाला की घरी काय ऐकायला मिळायचं, हे वेगळं सांगायला नको.

आता आमची गोष्ट. २०१३. बहीण सातवीत, चार वर्षं कथक शिकत होती. एका शोची ऑडिशन पुण्यात होती. आम्ही पहाटेपासून रांगेत. छातीवर नंबर, पायात घुंगरू. तिने थाट, आमद आणि दोन तुकडे बसवले होते. साधारण चाळीस सेकंदांत थांबवलं. "बेटा, फ्लिप येते का?" नाही. "घरची काही स्टोरी?" बाबा बँकेत, आई शिक्षिका, कसली स्टोरी! परत येताना एसटीत बराच वेळ गप्प होती, मग मला विचारते, "दादा, आपल्याकडे काही दुःख नाहीये का?"

मी हसलो तेव्हा. आता नाही हसू येत.

मी सॉफ्टवेअरवाला, त्यामुळे मला हे असं दिसतं. टेस्ट पास होण्यापुरताच कोड लिहिला की कोड तसाच होतो, टेस्टपुरता. नाचाचंही तेच झालं. दोन मिनिटं, मोठं स्टेज, क्रेनवर फिरणारा कॅमेरा, जज खुर्चीतून उठले पाहिजेत. मग काय टिकणार? लिफ्ट, फ्लिप, धूर, शेवटच्या दहा सेकंदांत उडी. कथकमध्ये विलंबित असतं. सोळा मात्रांचं एक आवर्तन सावकाश जातं आणि नाचणारी समेची वाट बघते, तुम्हालाही बघायला लावते. ही वाट बघणं एडिटरच्या टेबलावर सगळ्यात आधी कापलं जातं.

लावणीचंही तसंच. बैठकीची लावणी म्हणजे बसून, डोळे आणि हातांनी केलेली अदा. यमुनाबाई वाईकर गातगात एकाच ओळीत किती वेगवेगळे अर्थ दाखवायच्या! स्टेजवर पोचली ती बहुतेक उभ्याची, फास्ट लावणी. पण थांबा, उलटंही खरं आहे. 'ढोलकीच्या तालावर'सारख्या शोमुळेच अनेक घरांत लावणी आई-वडिलांसोबत बसून बघितली गेली. आमच्या घरात तर त्याआधी चॅनल बदललं जायचं. हे मला नाकारता येत नाही.

लहान मुलांचं मात्र मला अजिबात पटत नाही. सहा-सात वर्षांच्या मुलीला मोठ्या बाईची अदा करायला लावायची आणि टाळ्या वाजवायच्या. शेवटी २०१९ च्या जूनमध्ये केंद्राच्या माहिती व प्रसारण मंत्रालयाला चॅनल्सना सल्ला काढावा लागला, की मुलांना असं दाखवू नका. सांगावं लागलं, हेच विचित्र.

तर, बहिणीने आठवीत कथक सोडलं. गावात नवीन क्लास निघाला होता, तिथे फ्लिप शिकायला गेली. मॅट नव्हत्या, खाली कोबा. मनगट मोडलं, सहा आठवडे प्लास्टर. आई मला ओरडली, कारण फी मी भरून आलो होतो.

तिच्या कथकच्या बाईंकडे तोवर पोरं कमी झाली होती. त्यांनी संध्याकाळी बॉलिवूडची बॅच काढली. मला वाटलं, संपलं. पण त्या बॅचच्या फीमधून त्या सकाळच्या वर्गाच्या तबलजींचे पैसे द्यायच्या. आठ मुलींसाठी तबला लाइव्ह, रेकॉर्डिंग नाही. प्लास्टर निघाल्यावर बहीण त्या आठात जाऊन बसली. त्यांनी काहीच विचारलं नाही म्हणे, फक्त तत्कार करायला सांगितला.

आता ती पुण्यात नोकरी करते, आणि महिन्यातून दोन रविवार गावी जाऊन बाईंकडे शिकते. मागच्या महिन्यात तिने मला व्हॉट्सअ‍ॅपवर एक व्हिडिओ पाठवला. विलंबित तीनताल, मोबाइल खिडकीत टेकवून घेतलेला. मी मीटिंगमध्ये होतो. पुढे पुढे सरकवत बघितला, चक्कर आल्या तिथे थांबलो आणि अंगठा पाठवला.

तिचा मेसेज आला, "व्हिडिओ अकरा मिनिटांचा आहे, दादा. तुझा अंगठा तीन मिनिटांत आला."