केलेलं काम सांगता आलं पाहिजे


आज बोलूया आयटीआय झालेल्या मुलामुलींशी.

फिटर, वेल्डर, इलेक्ट्रिशियन...
प्रमाणपत्र हातात आलं.
आता नोकरी कशी शोधायची?

आधी स्वतःला विचारा.
कोणतं काम करताना वेळेचं भान राहत नाही?
यंत्र उघडून दुरुस्त करताना?
की नवीन जोडणी करताना?
तीच तुमची आवड.

मग शिकाऊ उमेदवारी करा.
१९६१च्या शिकाऊ उमेदवार कायद्यामुळे कारखान्यात प्रत्यक्ष काम शिकता येतं.
दरमहा विद्यावेतनही मिळतं.
हे काम आपल्याला मानवतं का, ते तिथेच कळतं.

आता मुलाखत.
केलेलं काम साध्या शब्दांत सांगा.
काय बिघडलं होतं?
तुम्ही काय केलंत?
पुढे काय झालं?

एखादी गोष्ट येत नसेल,
तर येत नाही म्हणा, आणि शिकायची तयारी दाखवा.
वेळ पाळणारा, सुरक्षेचे नियम पाळणारा माणूस प्रत्येक कारखान्याला हवा असतो.

जिल्ह्याच्या रोजगार मार्गदर्शन केंद्रात जरूर जा.
तिथे नोंदणीची आणि रोजगार मेळाव्यांची माहिती मिळते.

तर मित्रमैत्रिणींनो, पुन्हा सांगते.
आवड ओळखा.
काम शिका.
आणि केलेलं काम नीट सांगा.

तुम्हाला मनासारखं काम मिळो.