घारापुरीची एक दिवसाची सहल
(धावडा येथे संस्थेच्या विद्यार्थी मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



सहा डिसेंबरला आपल्या भागातून चैत्यभूमीला जाणारे लोक अभिवादन करतात, पुस्तके विकत घेतात आणि रात्रीच्या गाडीने माघारी फिरतात. आम्हीही इतकी वर्षे तेच करीत आलो. या खेपेला मात्र एक दिवस जास्त थांबून मुलांना घारापुरी बेट दाखवायचे ठरवले. आम्ही अकरा जण होतो. त्यांत सात विद्यार्थी. बहुतेकांनी समुद्र आदल्या दिवशी दादरलाच पहिल्यांदा पाहिलेला.

गेटवे ऑफ इंडियापासून लाँच सुटते व सुमारे तासाभरात बेटाला लागते. सोमवारी लेणी बंद असतात, हे जाणाऱ्यांनी ध्यानात ठेवावे. बेट रायगड जिल्ह्यातील उरण तालुक्यात येते. मुंबईचे दिवे समोर दिसत असूनही या बेटाला कायमची वीज मिळाली ती २०१८ साली, समुद्राखालून केबल टाकल्यावर.

लाँचमध्येच आमच्यातील एका कॉलेजच्या मुलाने विचारले, "काका, तिथं तर शंकराची लेणी आहेत. बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या आपण तिथं कशाला जायचं?" प्रश्न रास्त होता. आम्ही म्हणालो, "बाळा, प्रतिज्ञा पूजेबद्दल आहेत. आपण पूजेला नाही, पाहायला चाललोय."

शंभराहून जास्त पायऱ्या चढून गेल्यावर मोठे लेणे लागते. अभ्यासक ते साधारण सहाव्या शतकातील मानतात. आत सुमारे तीन पुरुष उंचीची तीन मुखांची सदाशिव मूर्ती आहे. मुले गप्प उभी राहिली. ज्यांनी छिन्नी चालवली त्या कारागिरांची नावे कोणालाच ठाऊक नाहीत. १५३४ साली हा मुलूख पोर्तुगीजांकडे गेला. बेटावरील दगडी हत्तीवरून त्यांनी बेटाचे नाव एलिफंटा ठेवले. तो हत्ती आता भायखळ्याच्या जिजामाता उद्यानाच्या आवारात आहे. १९८७ साली ही लेणी जागतिक वारशाच्या यादीत गेली.

आता आमची स्वतःची एक चूक सांगतो. त्या मूर्तीपुढे उभे राहून आम्ही मोठ्या उत्साहाने मुलांना सांगितले की, हे मुळात बुद्धाचेच शिल्प असून ते मागाहून बदलले आहे. कुठे तरी, कोणाच्या तरी तोंडून आम्ही ते ऐकले होते. तेव्हा दहावीतल्या एका मुलीने वही उघडली आणि विचारले, "काका, हे कुठं लिहिलंय?" आमच्याजवळ उत्तर नव्हते. बँकेत आम्ही वीस वर्षे कारकुनी केली. व्हाउचर असल्याशिवाय एक रुपयासुद्धा कोणाच्या खात्यावर जमा करीत नाही. आणि इथे इतिहासाच्या खात्यावर मात्र बिनधास्त नोंद करून मोकळे झालो होतो!

त्यानंतर आम्ही पूर्वेकडील टेकडीची वाट विचारली. टपरीवाला म्हणाला, "वर काही नाही साहेब, नुसत्या विटा आहेत." त्या विटा पाहण्यासाठीच तर आम्ही आलो होतो. तो विटांचा स्तूप आहे आणि अभ्यासक तो इसवी सनापूर्वी सुमारे दुसऱ्या शतकातील मानतात. म्हणजे मोठ्या लेण्याच्याही कित्येक शतके आधीचा. आम्ही चपला काढल्या, त्रिसरण-पंचशील म्हटले आणि थोडा वेळ शांत बसलो.

विटांच्या ढिगाऱ्याला कमी लेखू नये. नालासोपाऱ्याच्या अशाच एका ढिगाऱ्याला लोक 'बुरुड राजाचा कोट' म्हणत. १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी तो खणला तेव्हा आत स्तूप आणि दगडी करंडक निघाला. घारापुरीच्या टेकडीवर बसून आम्हाला वाटले, की आपला खरा पुरावा आपल्या पायाखाली असताना दुसऱ्याच्या मूर्तीवर हक्क सांगायची गरजच काय?

मित्रहो, त्यासाठी मुंबईलाच जावे लागते असेही नाही. दाखल्यासाठी, तहसीलच्या कामासाठी आपण सारे भोकरदनला जातो. ते भोकरदन म्हणजे प्राचीन भोगवर्धन. सांची आणि भारहुतच्या स्तूपांना दान देणाऱ्यांच्या शिलालेखांत या गावाच्या लोकांची नोंद आहे. १९७३ साली येथे उत्खनन झाले. त्यात सापडलेल्या हस्तिदंती मूर्तीचे, इटलीतील पॉम्पेई येथे १९३८ साली मिळालेल्या मूर्तीशी साम्य आहे. पॉम्पेई इसवी सन ७९ मध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली गाडले गेले. इकडे घारापुरीच्या किनाऱ्याजवळही रोमन कुंभांची खापरे मिळाली आहेत. म्हणजे त्या काळी आपला हा मुलूख आणि समुद्रापलीकडचे देश एकमेकांना अनोळखी नव्हते. आणि आपण मात्र भोकरदनला एस. टी.तून उतरतो, काम उरकतो आणि परततो.

परतीच्या गाडीत त्या मुलीने आपली वही दाखवली. पानावर तिने तीन रकाने आखले होते : पाहिले, वाचले, ऐकले. स्तूप 'पाहिले'मध्ये होता. १९८७ हे साल 'वाचले'मध्ये होते. आणि आमचे ते मूर्तीबद्दलचे वाक्य, आमच्या नावासकट, 'ऐकले'मध्ये होते. आम्हाला थोडी लाज वाटली, पण अभिमान त्याहून जास्त वाटला. बुद्धाने कालामांना हेच सांगितले होते की, केवळ ऐकले म्हणून मानू नका. आम्ही ते भाषणांतून कितीदा तरी सांगितले. तिने ते वहीत उतरवले.

संस्थेपुढे आमची एकच सूचना आहे. दर वर्षी विद्यार्थ्यांची एक सहल काढावी. एका वर्षी भोकरदन, एका वर्षी अजिंठा, जमेल तेव्हा घारापुरी. खर्चाची वर्गणी आपण मोठ्या माणसांनी गोळा करावी. मुलांनी फक्त एक वही आणावी, तीन रकाने आखलेली. आणि 'ऐकले'च्या रकान्यात आपले नाव येणार नाही, एवढी काळजी आपण मोठ्यांनी घ्यावी.

 जयभीम! नमो बुद्धाय!